पॅथॉलॉजीतल्या ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,

सर्जनचे आभार सगळेच मानतात, मानावेतच. पण मुलाच्या मेंदूतल्या गाठीला कुठलं औषध लागू पडेल, हे ठरतं तुमच्या टेबलावरच्या मेणाच्या ब्लॉकवरून, म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेल्या ठोकळ्यावरून. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमचा पहिला आग्रह बाटलीचा. रुंद तोंडाची बाटली, तुकड्याच्या दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, वर तुकडा काढल्याची वेळ. कमी वेळ बुडाला तर तो आतून कच्चा राहतो. चवथीच्या सुट्टीत तसाच पडून राहिला तर आरएनए (जनुकाची पेशीतली नक्कल) तुटतो आणि फ्यूजन, म्हणजे दोन जनुकं एकमेकांना जोडली जाण्याचा बिघाड, शोधणारी तपासणी फुकट जाते. दुसरा आग्रह कापतानाचा: जनुक-तपासणीच्या कोऱ्या स्लाइड्स आधी बाजूला, बाकीचे स्टेन (रंग देऊन करायच्या तपासण्या) नंतर. इवल्याशा बायोप्सीत हा क्रम उलटला की मुंबईला पाठवायला काही उरत नाही.

मुलांच्या लो-ग्रेड ग्लायोमात (मेंदूतल्या हळू वाढणाऱ्या गाठीत) बरेचदा बीआरएएफ हेच जनुक बिघडलेलं असतं, पण बिघाडाच्या तऱ्हा वेगळ्या. व्ही६००ई (या जनुकात एकाच जागी झालेला बदल) असेल आणि औषधाची गरज असेल, तर डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिबची जोडी. अमेरिकेच्या एफडीएनं ती मार्च २०२३ मध्ये १ वर्षावरच्या मुलांसाठी मंजूर केली. चाचणीत ४७ टक्के मुलांना तिचा गुण आला, कार्बोप्लॅटिन-व्हिन्क्रिस्टीन या केमोथेरपीचा ११ टक्क्यांना. केआयएए१५४९ या दुसऱ्या जनुकाबरोबरचं फ्यूजन असेल तर मात्र नुसतं डॅब्राफेनिब उलटू शकतं. फ्यूजनची प्रथिनं जोडीनं चालतात. एकाला वेसण घातली की दुसरं आणखी उधळतं. तिथे एमईके (बीआरएएफचा वाढीचा संदेश पुढे नेणारं प्रथिन) रोखणारं औषध, किंवा आधीचे उपचार हरल्यावर टोव्होराफेनिब (एफडीए मंजुरी एप्रिल २०२४) यांचा विचार होतो.

म्हणूनच तुमच्या रिपोर्टातली ‘व्हीई१ निगेटिव्ह, फ्यूजन तपासलेलं नाही’ ही ओळ आम्हाला लाखमोलाची वाटते. व्हीई१ स्टेन फक्त व्ही६००ई दाखवतो. नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहिलं की वाचणारा बीआरएएफ शाबूत आहे असं धरून चालतो. आणि लहान मेंदूतली पायलोसायटिक गाठ (लो-ग्रेड ग्लायोमाचाच एक प्रकार) पूर्ण निघाली असेल तर बहुतेकदा औषध लागतच नाही, ठरावीक काळानं एमआरआय पुरतो. महागडी गोळी म्हणजे चांगला उपचार, असं मानणारे नातेवाईक घरोघरी आहेत!

पुढचं काम तुमचं नव्हे, पण हे वाचणाऱ्या पालकांसाठी लिहितो. डॅब्राफेनिब रिकाम्या पोटी: जेवणाआधी १ तास किंवा नंतर २ तासांनी. ट्रॅमेटिनिबच्या गोळ्या मूळ बाटलीतच, फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. आतली ओल शोषणारी पुडी काढायची नाही, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नाहीच. ताप ३८ अंशांवर गेला तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन. सहसा दोन्ही औषधं थांबवायला सांगतात. ताप औषधाचाच असेल असं समजून घरी बसू नका, डेंग्यू-मलेरिया तपासून घ्या. हृदयाचा इको आणि डोळ्यांची तपासणी ठरल्या वेळी हवीच. फिटसाठी फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल तर आधीच सांगा, त्यांनी डॅब्राफेनिबचा जोर कमी होतो.

ताई, एक मागणी राहिली. गाठ परत वाढली तर जुना ब्लॉक पुन्हा शोधावा लागतो. त्याचा नंबर डिस्चार्ज कार्डावर छापता येईल का, तेवढं पाहा.

तुमचे,
फोंडा, सत्तरी आणि पेडण्यातले पालक