वरच्या मजल्यावरच्या ताईंना, मनापासून

नंदनवन, नागपूर

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा जिन्यात तुमचे आभार मानले, तेव्हा "काही नाही जी, एवढंसं तर काम होतं" म्हणत तुम्ही वर निघून गेलात. लाईन गेली की माझा संगणक स्वतःहून नीट बंद होईल असं तुम्ही करून दिलंत, ते काम एवढंसं नव्हतं. म्हणून सावकाश बसून हे पत्र लिहितोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. आपल्या शहरात घरी बसून संगणकावर पोट भरणारी माझ्यासारखी पुष्कळ माणसं आहेत. मे-जूनमध्ये वावधान सुटून लाईन गेली की त्यांचा जीव कसा वरखाली होतो, ते मला पक्कं ठाऊक आहे.

मी पुस्तकांची पानं लावतो, विंडोजऐवजी लिनक्स मिंटवर, स्क्रायबस या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये. यूपीएस माझ्याकडे होताच. ६०० व्हीएचा, आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी, बर्डीवर कुठल्याही दुकानात मिळते तशी. लाईन गेली की तो टी-टी करायचा. मी समोर असलो तर फाइल सेव्ह करून संगणक बंद करायचो. मी नसलो तर बॅटरीत जीव असेस्तोवर संगणक चालायचा आणि मग एकदम अंधार. एका निवृत्त शिक्षिकेनं गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्यांच्या पुस्तकाची पानं अशीच गेली. मी त्या वेळी घराबाहेर होतो. डिस्क शाबूत राहिली, कारण फाइल सिस्टिम आपली जर्नल, म्हणजे डिस्कवरच्या बदलांची नोंदवही, ठेवते. पण जर्नल डिस्कची मांडणी सांभाळते. स्क्रायबसच्या पोटात असलेली, अजून डिस्कवर न उतरलेली पानं ती कुठून आणणार? हे तुम्हीच मला समजावून सांगितलंत. तोपर्यंत "डिस्क ठीक आहे, मग पानं कशी गेली?" हा प्रश्न मला छळत होता.

यूपीएसच्या मागे एक यूएसबीचं भोक होतं आणि डब्यात एक केबलही होती. पण सोबतच्या सीडीवर विंडोजचाच प्रोग्रॅम होता, त्यामुळे ती केबल तशीच गुंडाळून पडली होती. ज्याला विचारावं तो म्हणायचा, लिनक्सवर हे होत नाही, इन्व्हर्टर लावून टाका. इन्व्हर्टर तर घरात आहेच. पंखे-दिवे तो छान चालवतो, पण आपली बॅटरी संपत आली हे तोही संगणकाला सांगत नाही. अडचण तीच होती, आणि ती पहिल्यांदा नेमकी ओळखली तुम्ही.

रविवारी तुम्ही आलात तेव्हा कूलर चालू असूनही खोली तापलेली होती. संगणकाला हात लावायच्या आधी तुम्ही विचारलंत, "आत्ता काय काय उघडं आहे? सगळं बंद करा, आणि जे महत्त्वाचं आहे ते पेन ड्राइव्हवर घ्या." दुरुस्तीला आलेल्या माणसानं आधी माझ्या कामाची चौकशी करावी, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

मग केबल जोडून तुम्ही यूएसबीची यादी काढली. यूपीएस बनवणाऱ्या कंपनीचं नाव त्यात कुठेच नव्हतं. होतं ते "सायप्रेस सेमिकंडक्टर" आणि ०६६५:५१६१ हा क्रमांक. मी हिरमुसलो, तुमचा चेहरा मात्र खुलला. बाहेरून वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या कितीतरी स्वस्त यूपीएसमध्ये आत हाच जोड असतो आणि ते मेगाटेक नावाची एकच जुनी बोली बोलतात, असं तुम्ही म्हणालात. एपीसी या कंपनीच्या यूपीएससाठी एपीसीयूपीएसडी हा वेगळा प्रोग्रॅम आहे, पण माझ्यासारख्या डब्याला नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे नट, हा प्रोग्रॅमांचा संच आणि त्यातला यूपीएसशी बोलणारा क्यूएक्स ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर आधी चालेना. परवानगी नाही म्हणून अडला. तुम्ही फक्त यूएसबीची केबल काढून पुन्हा लावलीत आणि तो चालू झाला. जोडलेल्या उपकरणांच्या परवानग्या ठरवणारा लिनक्सचा भाग म्हणजे यूडेव्ह, आणि त्याचा नवा नियम केबल नव्यानं जोडल्यावर लागू होतो, हे कारणही सांगितलंत.

त्यानंतर तुम्ही जे दाखवलंत ते मी विसरणार नाही. ड्रायव्हर यूपीएसला दर थोड्या वेळानं एकच प्रश्न विचारतो आणि यूपीएस एका ओळीत उत्तर देतो. आत येणाऱ्या विजेचा दाब (व्होल्टेज), बाहेर जाणाऱ्या विजेचा दाब, भार किती टक्के, फ्रीक्वेन्सी, बॅटरीचा व्होल्टेज, तापमान, आणि शेवटी शून्य-एकचे आठ आकडे. "या आठातला पहिला पहा," म्हणत तुम्ही यूपीएसची पिन भिंतीतून उपटलीत. पहिल्या शून्याचा एक झाला. लाईन गेली हे त्या डब्याला कायम कळत होतं. ते ऐकायला कोणी नव्हतं, एवढंच.

दुसरा आकडा एक झाला की बॅटरी संपत आली असं समजायचं. नटचा नेहमीचा रिवाज असा की वीज नाही आणि बॅटरीही संपत आली, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की संगणक बंद करायचा. तुम्ही त्यावर भरवसा ठेवला नाहीत, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वात शहाणपणाचा निर्णय तोच. जुन्या बॅटरीचा व्होल्टेज भाराखाली असा झपकन पडतो की इशारा आणि अंधार यांत संगणक नीट बंद व्हायलाही वेळ उरत नाही. स्क्रीनवर दिसणारी बॅटरीची टक्केवारीसुद्धा या यूपीएसमध्ये खरी मोजलेली नसते, व्होल्टेजवरून बांधलेला अंदाज असतो. म्हणून तुम्ही यूपीएसशेड या नटच्याच वेळ मोजणाऱ्या भागात वेळ बांधून दिलीत: लाईन गेली की गजर सुरू, आली की रद्द, ५ मिनिटं होऊन गेली तर संगणक स्वतःहून नीट बंद. आणि स्क्रायबसचं आपोआप सेव्ह होणं ३ मिनिटांवर आणलंत. ३ हा आकडा ५ पेक्षा लहान आहे, म्हणून लाईन गेल्यानंतर आणि संगणक बंद व्हायच्या आधी निदान एकदा तरी पानं डिस्कवर उतरणारच. इतकी साधी गोष्ट, पण ती सुचायला समोरच्याचं काम समजून घ्यावं लागतं.

पण ५ मिनिटं बॅटरी टिकेल कशावरून? इथे तुम्ही माझ्याकडे जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब मागितलात. माळ्यावरच्या खोक्यात एक निघाला. संगणकाची पिन थेट भिंतीत, यूपीएसवर फक्त तो बल्ब, आणि यूएसबीची केबल मात्र संगणकालाच. माझा संगणक आणि पडदा मिळून जवळपास तेवढीच वीज खातात, म्हणून तोच बल्ब. एलईडीनं भारच पडला नसता. मग पिन उपटली आणि आपण दोघं आकडे बघत बसलो. १३.६ वरून व्होल्टेज लगेच १२ च्या आसपास आला, मग बराच वेळ हळूहळू उतरत राहिला, आणि ११ च्या खाली गेल्यावर भराभर घसरला. बल्ब विझला तेव्हा संगणकाला कसलाच धक्का नव्हता आणि सगळी नोंद त्याच्यावर तयार होती. ५ मिनिटांपेक्षा बराच जास्त वेळ मिळाला होता. "आता हा आकडा विश्वासाचा," तुम्ही म्हणालात. "पण दर उन्हाळ्याच्या आधी बल्ब पुन्हा लावून पाहायचा न भाऊ. बॅटरी म्हातारी होते, सेटिंग होत नाही."

नागपुरात ती लवकर म्हातारी होते, हेही तुमच्याकडूनच कळलं. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंशांच्या हिशेबानं सांगतात, आणि त्यावर दर १० अंशांना ते जवळजवळ निम्मं होत जातं. बाहेर ४५ अंश असताना माझा यूपीएस पश्चिमेच्या खिडकीखाली होता. तुम्ही तो स्वतः उचलून आतल्या भिंतीशी नेऊन ठेवलात. त्याच्यावरची लेझर प्रिंटरची पिनही काढून भिंतीत लावलीत, कारण प्रिंटरचा आतला हीटर तापताना एवढी ओढ घेतो की हा बिचारा यूपीएस दबून जाईल. कूलरचं तर विचारायलाच नको.

संगणक बंद झाला की शेवटच्या पायरीला यूपीएसनं स्वतःचीही वीज तोडावी, अशी सोय तुम्ही केलीत, म्हणजे बॅटरी पार कोरडी होऊन खराब होत नाही. लाईन आल्यावर संगणक आपोआप सुरू करायचा का, हे तुम्ही मला विचारलंत. मी नको म्हटलं, आणि तुम्ही आग्रह केला नाहीत. हेही मला आवडलं.

सगळ्यात जास्त आभार मात्र त्या कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फाइलींसाठी. तुम्ही गेल्यावर मी त्या उघडल्या, तर प्रत्येक ओळीच्या वर हॅशचं चिन्ह टाकून तुम्ही मराठीत लिहून ठेवलं होतं. "बॅटरी बदलली की तारीख इथे लिहा." "हे ३०० सेकंद म्हणजे ५ मिनिटं. वाढवायचे असतील तर आधी बल्ब लावून मोजा." "हा पासवर्ड संगणकाचा नाही, फक्त यूपीएसचा." उद्या तुमची बदली झाली, तुम्ही पुण्याला गेलात, तरी मी अडणार नाही याची तजवीज तुम्ही केलीत. काम करून देणारे पुष्कळ भेटतात, ताई. आपल्याशिवाय चालेल असं करून देणारे फार थोडे.

गेल्या आठवड्यात भर दुपारी लाईन गेली तेव्हा मी घरी नव्हतो. परत आलो तर संगणक शांतपणे बंद होता. लाईन आल्यावर सुरू केला, स्क्रायबसची आपोआप सेव्ह झालेली फाइल उघडली, आणि सगळी पानं जागेवर होती. नोंदीत गजर सुरू झाल्याची वेळ आणि बंद होण्याची वेळ, बरोबर ५ मिनिटांच्या अंतरानं. ओव्यांचं पुस्तक आता छापखान्यात गेलं आहे. त्या बाईंनाही मी तुमच्याबद्दल सांगितलं. पहिली प्रत तुम्हाला द्यायची असं त्यांनी बजावलंय.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, तेव्हा मला जे येतं तेच देतो. तुमच्या सासऱ्यांच्या कवितांची वही घरी आहे असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. ती खाली पाठवा. टाइप करतो, पानं लावतो, मुद्रितं तुम्हाला दाखवतो, आणि कागद कोणता घ्यायचा तेवढं तुम्ही ठरवा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा भाऊ