घड्याळ, गोगाबाबा टेकडी आणि पाच ‘का’

संभाजीनगर,
रविवार, दुपार

प्रिय गड्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज कंपनीच्या बसमध्ये ऐकला, मग घरी येऊन बायकोलाही ऐकवला. तुला बीपी निघाल्याचं कळल्यावर ती म्हणाली, ‘भाऊजींना आधी लोणचं बंद करायला सांगा.’ सांगितलं. बाकी तू घड्याळाचं, पळण्याचं आणि कंपनीचं जे विचारायलास ते मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. फोटो काढून पाठवीन, पोस्टाची वाट बघण्याइतका धीर तुला शाळेतही नव्हता.

पहिलं तुझ्या नव्या स्मार्ट घड्याळाचं. त्यातला बीपीचा आकडा सोडून दे. मनगटाखाली जो हिरवा दिवा लुकलुकतो तो कातडीत उजेड सोडतो. रक्त हिरवा रंग शोषून घेतं, त्यामुळं दर ठोक्याला परत येणारा उजेड कमी-जास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. ते बऱ्यापैकी जमतं. दाब मात्र अंदाजपंचे काढलेला असतो. त्यापेक्षा दंडाला पट्टा बांधायचं मशीन घे. मोजण्याआधी पाच मिनिटं गप बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि त्याआधी अर्धा तास चहा नाही. बँकेत चहाशिवाय अर्धा तास कसा काढायचा ते तुझं तू बघ. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळायला सुरुवात करायची नाही, हे मी हुकूम म्हणून लिहायलोय.

ठोक्यांचं ‘बऱ्यापैकी’ का म्हणतो ते सांगतो. माझं घड्याळ नवं होतं तेव्हा नुसतं रमतगमत पळताना ते १७५ दाखवायचं. आता माझं वय ४२. २२० मधून वय वजा करायच्या त्या ढोबळ हिशेबानं माझी कमाल मर्यादाच १७८ येते. म्हणजे एक तर मी मरायला टेकलो होतो, नाही तर गेज, म्हणजे मोजायचं साधन, चुकत होता. कंपनीत आपला धंदाच गेजचा. भर रस्त्यात थांबून मानेची नाडी धरली, १५ सेकंद मोजली, चारनं गुणलं, तर १३६. दोनचारदा तसं केल्यावर उलगडलं : पट्टा सैल असला की घड्याळ ठोक्यांऐवजी पावलं मोजायला लागतं. माझी पावलं मिनिटाला १७५ च्या आसपासच पडतात. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून जरा आवळला की आकडा ताळ्यावर आला. तूही आधी हेच कर.

मी पळतो विद्यापीठाच्या बाजूला. गेटातून आत शिरलं की झाडांखालून रस्ता आहे, पुढं लेण्यांची आणि गोगाबाबा टेकडीची बाजू. पहाटे तिथं निम्मं शहर भेटतं. रिटायर्ड मास्तर, पोलीस भरतीची पोरं, मफलर गुंडाळून शेअर बाजारावर बोलणारे काका. भरतीची पोरं घड्याळं-बिड्याळं काही वापरत नाहीत. एकजण मोबाइलवर वेळ लावतो आणि बाकीचे जीव खाऊन १६०० मीटर पळतात. त्यांच्याकडं बघितलं की आपला टेन्शनचा बाऊ जरा खाली बसतो, कारण त्यांची तर अख्खी नोकरीच त्या चार-पाच मिनिटांत अडकलेली असते.

आता कंपनीचं. तू विचारलंस, ‘टेन्शन अजून तसंच का?’ तसंच. मध्यंतरी आमच्या एका कस्टमरकडं बुशचा, म्हणजे धातूच्या पोकळ नळकांड्यांचा, लॉट गेला, त्यात चॅम्फर (तिरकी घासलेली कड) नसलेले दोन-चार तुकडे निघाले. त्यांची लाइन थांबली. मग चोवीस तासांत एट-डी रिपोर्टचं (तक्रारीवरच्या आठ पायऱ्यांच्या अहवालाचं) पहिलं उत्तर द्या, त्यांच्या गोदामात सॉर्टिंगला पोरं पाठवा, वाटेतला माल अडवा. आणि मग ते व्हाय-व्हाय, म्हणजे मूळ कारण सापडेतोवर पाचदा ‘का’ विचारणं. चॅम्फर का नाही? टूल तुटलं होतं. का तुटलं? त्याचं आयुष्य संपलं होतं. कळलं का नाही? टूलनं किती तुकडे केले ते मोजणारा काउंटर रीसेट झाला नव्हता. का नाही झाला? शिफ्ट बदलताना सांगायचं राहिलं. का राहिलं? माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे गड्या, पाचव्या ‘का’ला कायम माणूसच सापडतो, मशीन कधी सापडत नाही. त्याचं नाव तर लिहायचं नसतं, म्हणून आपण लिहितो, ‘ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं.’ ते ट्रेनिंग म्हणजे मशीनशेजारी उभं राहून दहा मिनिटं बोलणं आणि रजिस्टरवर सही. तुमच्याकडं टार्गेट का नाही झालं याचं उत्तर देतानाही असंच काहीतरी होत असणार.

मला पळणं आवडायचं खरं कारण हे आहे, वजन-बिजन नंतरचं. मधेच थांबलो, चालायला लागलो, कठड्यावर बसून बुटातला खडा काढला, तर कुणीही ‘का’ विचारत नाही.

आणि नेमकं तेच या घड्याळानं करायला घेतलं. वार्षिक रिव्ह्यूत साहेबांनी नाराजी दाखवली, त्याच आठवड्यात पळून घरी आलो तर पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली, तुमचा सराव अनुत्पादक आहे. मी हसलो, पण बायकोनं ते तोंडपाठ करून ठेवलंय. भाजी आणायला उशीर झाला की ऐकवते. त्यात फोनचे मेसेजही मनगटावर यायचे. एकदा टेकडीवर नुसता उभा होतो, दम खात. ठोके १३० वरून खाली यायला लागले होते. तेवढ्यात मनगट थरथरलं, प्लँटच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, ‘लाइन बंद’. पाय जागचे हलले नव्हते आणि आकडा बघता बघता १४८. ब्रेकडाऊन माझ्या मशीनचा नव्हता, माझी शिफ्टही नव्हती. काळजी अंगात कुठून शिरते हे मला डोळ्यांनी दिसलं. त्या दिवशी मेसेज बंद केले आणि तो सल्ला देणारा पडदाही काढून टाकला. ठोके आणि वेळ तेवढे ठेवले. तूही बँकेचे ग्रुप मनगटावर येऊ देऊ नकोस.

वेगाचं विचारशील तर लाज सोड. आमच्या लाइनवर आष्टी तालुक्यातला एक ऑपरेटर आहे. मी पळतो हे कळल्यापासून रोज ‘आमचा साबळे’ काढतो. काढणारच, अविनाश साबळे त्यांच्या मांडव्याचा. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत मारली आणि रौप्य आणलं. १९९८ पासून त्या शर्यतीची पदकं केनियावाले वाटून घ्यायचे, त्यात मधे घुसला बीड जिल्ह्याचा गडी. २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या धरून. माझा एक किलोमीटर सव्वाआठ मिनिटांचा. म्हणजे माझा एक होईतोवर त्याची अख्खी शर्यत संपून टॉवेल खांद्यावर आलेला असतो. हे मीच ऑपरेटरला सांगितलं, तेव्हापासून तो मला चहा पाजतो.

सव्वाआठ मिनिटं मी मुद्दाम ठेवलीत. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढीच खूण धर. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला. तू सुरुवातीला तुमच्या नांदेडच्या गोवर्धन घाटाकडं नुसता चाल, मधे मधे एखादं मिनिट पळ. उन्हाळ्यात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, अंग थंड ठेवायला हृदयाला जादा काम लागतं. तेव्हा मे महिन्यात आकडा वाढला म्हणून घाबरून फोन करू नकोस. आकड्यांना घाबरायची सवय आपल्याला लातूर पॅटर्ननं लावली. रविवारच्या टेस्टचा निकाल भिंतीवर लागायचा आणि तू लांबूनच यादी खालून वाचायला सुरुवात करायचास, आठवतं?

घरातली बाकी यंत्रं ठीक. एअर फ्रायर आणलाय, त्यात आई फक्त शेंगदाणे भाजते. वांगं मात्र गॅसवरच, त्यात तडजोड नाही. घरातलं सगळ्यात कामाचं यंत्र म्हणशील तर टाकीवरची बोलती घंटी. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, तुला माहीतच आहे. जायकवाडी काठोकाठ भरलं तरी आमचा पाण्याचा वार बदलत नाही. पाण्याच्या रात्री टाकी भरली की एक बाई हिंदीत विनंती करते, मोटर बंद कीजिए. आई झोपेतून उठून तिला ‘हो गं माय, करते’ म्हणते आणि खरंच करते. दुसऱ्या दिवशी माझं पळणं बुडतं, कारण रात्रभर भांडी भरलेली असतात.

डिसेंबरात तपोवन एक्सप्रेसनं ये. दुपारी उतरशील, दुसऱ्या दिवशी पहाटे आपण टेकडीकडं जाऊ, चालतच. आई धपाटे करणार आहे, तुझ्यासाठी मीठ कमी घालून, म्हणजे बाकीच्यांनीही तसलेच खायचे. बूट तिकडूनच घेऊन ये, पण घेताना संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. अंगठ्यापुढं बोटभर जागा पाहिजे. दुकानदार महागडा जोड पुढं करील, तो नको म्हण.

तुझा,
वाळूजचा कामगार

ता. क. वहिनींना सांग, लोणच्याचा निरोप आमच्या घरून आहे, माझा नाही.