पडले तरी खासदार : शिकोकूच्या सहा जागा

संपादक महोदय,

आपल्या अंकात नुकतेच एका वाचकांचे पत्र वाचले. आपल्याकडे पस्तीस टक्के मतांवर खासदार होता येते, बाकीच्यांची मते वाया जातात. सबब जपानसारखी मिश्र पद्धत आणावी, म्हणजे प्रत्येक मताला किंमत येईल, असे त्यांचे म्हणणे. मी मूळचा सांगलीचा, नोकरीमुळे शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा शहरात राहतो. मला इथे मताधिकार नाही, माझ्या बायकोला आहे. तिच्या मतांचे पुढे काय होते हे घरबसल्या पाहत आलो आहे, म्हणून लिहितो.

जपानच्या कनिष्ठ सभागृहात 465 जागा आहेत. त्यातल्या 289 आपल्यासारख्या, एका मतदारसंघातून एक. उरलेल्या 176 जागा अकरा विभागांत वाटलेल्या असून त्या पक्षांच्या याद्यांमधून भरतात. 1994 च्या कायद्याने ही पद्धत आली आणि 1996 मध्ये तिच्यावर पहिली निवडणूक झाली. मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात. त्यांवर चिन्हे नसतात. एकीवर उमेदवाराचे आणि दुसरीवर पक्षाचे नाव पेन्सिलीने स्वतः लिहायचे. (घटना समितीत जानेवारी 1949 मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध करताना साक्षरतेचा मुद्दा काढला होता, तो इथे हटकून आठवतो.) 2021 मध्ये दोन वेगळ्या पक्षांनी ‘मिन्शुतो’ हे एकच संक्षिप्त नाव नोंदवले होते. लोकांनी तेवढेच लिहिले आणि ती मते दोघांत प्रमाणाने वाटली गेली. निकालात पक्षांच्या मतांपुढे चक्क दशांश चिन्ह!

पत्रलेखकांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली आहे. इथे दोन्ही हिशेब एकमेकांकडे बघत नाहीत. मतदारसंघांत भरमसाट जागा मिळवलेला पक्ष यादीतूनही आपला पुरता वाटा घेतो. मतदारसंघातली तूट यादीतून भरून काढायची ही जर्मनीची रीत, जपानची नव्हे.

आता आमच्या शिकोकूचे बघा. तोकुशिमा, कागावा, एहिमे, कोची असे चार प्रांत मिळून यादीच्या जागा सहा. ओसाका-क्योतो ज्यात येतात त्या किंकी विभागाला 28. प्रत्येक पक्षाच्या मतांना एक, दोन, तीन असे भागत जायचे आणि येणाऱ्या आकड्यांतले सर्वांत मोठे सहा निवडायचे; त्यात ज्या पक्षाचे जितके आकडे, तितक्या त्याला जागा. सहा जागा असतील तर जागेची खात्री साधारण 14 टक्के मतांना, 28 असतील तर साडेतीन टक्क्यांनाही. 2021 मध्ये लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाला शिकोकूत सुमारे 39 टक्के मतांवर सहापैकी तीन जागा मिळाल्या. कम्युनिस्टांना तोक्योत आणि किंकीत यादीतून जागा मिळाल्या, इथे शून्य. म्हणजे शिकोकूतल्या कम्युनिस्ट मतदाराचे यादीचे मतही वायाच गेले.

त्याच निवडणुकीत आमच्या तोकुशिमा-1 या मतदारसंघात झाले ते तर ऐकण्यासारखे आहे. अपक्ष निकी हिरोबुमी निवडून आले. सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे गोतोदा मासाझुमी दुसरे आले, इशिन पक्षाच्या योशिदा तोमोयो तिसऱ्या. आणि तिघेही खासदार झाले! कारण उमेदवाराला मतदारसंघ आणि यादी दोन्हीकडे उभे राहता येते. पक्ष बऱ्याच जणांना यादीत एकाच क्रमांकावर ठेवतात. मग पडलेल्याची मते विजेत्याच्या मतांच्या किती टक्के, यावर कोण आत जाणार ते ठरते. योशिदाबाईंना निकींच्या जेमतेम एक पंचमांश मते होती. डिपॉझिट जप्त झालेल्याला यादीतून घेत नाहीत, ती दहा टक्क्यांची रेषा त्यांनी कशीबशी ओलांडली. पुढे 2023 मध्ये गोतोदांनी राजीनामा देऊन राज्यपालपदाची निवडणूक लढवली (इथले राज्यपाल लोक निवडतात) आणि जिंकली. त्यांच्या रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली नाही. शेजारच्या कागावा प्रांतात पडलेले त्याच यादीतले सेतो ताकाकाझु आत गेले. त्या जागेबद्दल आम्हा तोकुशिमाकरांना कोणी काही विचारले नाही.

अशांना इथे ‘झोंबी’ म्हणून हिणवतात. मला ते पटत नाही. कागावा-1 मध्ये ओगावा जुन्या नावाचे उमेदवार 2012, 2014, 2017 असे सलग तीनदा हिराई ताकुया यांच्याकडून पडले आणि तिन्ही वेळा यादीतून संसदेत पोहोचले. 2021 मध्ये त्यांनी हिराईंना पाडले, तर हिराई यादीतून आले. दोन तुल्यबळ माणसे एकमेकांवर डोळा ठेवून दोन्ही संसदेत, यात मतदारांचे काय वाईट झाले? माझी बायको मात्र म्हणते, आम्ही ज्याला नको म्हटले त्याला घरी बसवायची सोयच उरली नाही. यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर अजून वाद होतात.

तेव्हा पत्रलेखकांना माझी विनंती, ‘जपानसारखी’ एवढ्यावर थांबू नका. विभाग केवढा, हे आधी सांगा. महाराष्ट्राच्या 48 जागांचा अख्खा राज्य धरून हिशेब करणार, की कोकण वेगळे, मराठवाडा वेगळा? राज्यवार विभाग करायचे म्हटले तर गोव्याच्या दोन जागांत प्रमाण कसले काढणार? आणि यादीतल्या जागा मतदारसंघांतली तूट भरून काढायला वापरणार, की नुसत्या वर टाकणार? याची उत्तरे त्यांनी पुढच्या पत्रात दिली तर वाचायला आवडेल.

– एक वाचक, तोकुशिमा, जपान (मूळ सांगली)