डायलिसिसच्या दिवशीचा रक्तदाब खरा मानावा का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१७ मे या जागतिक उच्च रक्तदाब दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला मजकूर उपयुक्त होता. मात्र वर्षानुवर्षे डायलिसिस घेणाऱ्यांमध्ये हा विकार ओळखायचा कसा, हा प्रश्न त्यात राहून गेला. माझे पती सहा वर्षांपासून दर सोमवारी व गुरुवारी डायलिसिसला जातात. सुई टोचण्यापूर्वी त्यांचा वरचा दाब १७० च्या आसपास असतो आणि चार तासांनी मशीनवरून उतरताना तोच ११० भरतो. यातला खरा कोणता? बराच काळ पहिला आकडा पाहून गोळ्या वाढत गेल्या आणि मग मशीनवर असतानाच दाब कोसळून पायांत पेटके येऊ लागले.

लघवीवाटे न गेलेले पाणी आणि मीठ दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत अंगात साठते तसा दाब चढतो व मशीनने पाणी काढले की उतरतो, म्हणजे केंद्रातल्या फाइलमध्ये भरती-ओहोटीची टोके तेवढी नोंदली जातात. युरोपातील मूत्रपिंडविकार आणि उच्च रक्तदाब या विषयांच्या तज्ज्ञांनी २०१७ साली एकत्रितपणे असे मत मांडले, की केवळ या नोंदींवरून निदान करू नये. दंडाला पट्टा बांधून चोवीस तास, शक्य असल्यास ४४ तास, घेतलेली सरासरी १३०/८० किंवा अधिक, अथवा दोन आठवड्यांत डायलिसिस नसलेल्या सहा दिवशी सकाळ-संध्याकाळ घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा अधिक असल्यास उच्च रक्तदाब समजावा. (४४ तास म्हणजे आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांच्या दोन डायलिसिसमधले अंतर, आमच्याकडे गुरुवारनंतर थेट सोमवार उजाडतो.) चोवीस तासांचे यंत्र आमच्या तालुक्यात मिळाले नाही, पण घरचे साधे यंत्र पुरले; त्यावरचे आकडे आम्ही वहीत लिहीत गेलो. फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हाताला पट्टा बांधायचा नाही, एवढे पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागते.

ती वही पाहिल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी न वाढवता आधी ‘ड्राय वेट’ (जादा पाणी काढून टाकल्यावर राहायला हवे ते वजन) थोडे थोडे खाली आणले आणि लोणचे-पापड बंद केले. हे दुसरे काम औषधापेक्षा अवघड निघाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस होणाऱ्या केंद्रांनी तरी रुग्णाच्या कागदावर घरच्या रक्तदाबासाठी एक रकाना ठेवावा आणि गोळी बदलण्याआधी तो पाहावा, अशी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, जि. सोलापूर