राशोलची सेमिनरी परकी कशी?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला गोव्यातल्या राशोलच्या सेमिनरीवरचा, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयावरचा लेख आवडला, फोटोही छान होते, पण तिला 'संपूर्ण पोर्तुगीज वास्तू' म्हटलंय ते काही पटलं नाही. १६०६ साली जेझुइटांनी, म्हणजे त्या पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी पाया घातला हे खरं, मधला चौक नि भोवती खोल्या हा प्लॅनही त्यांचाच, पण भिंती जांभ्याच्या नि गिलावा चुन्याचा आहे, म्हणजे आपल्या वेंगुर्ल्या-मालवणच्या जुन्या घरांचंच मटेरियल. माझ्या आजोळी पडवीचा गिलावा पावसात सुटला की आत तोच भोकाभोकांचा तांबडा दगड दिसतो, बोट लावलं तर ओलसर लागतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट लेखात आलीच नाही. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्ताची कथा सांगणारं काव्य, क्रिस्तपुराण, १६१६ मध्ये छापलं गेलं ते याच राशोलला, लिपी रोमन होती पण भाषा आपली मराठी, दहा हजारांवर ओव्या, त्याही आपल्या संतांच्या वळणाच्या! मराठी पेपरात राशोलवर अर्धं पान येतं आणि त्यात मराठीचाच उल्लेख नाही, याचं खरंच वाईट वाटलं. पुढच्या रविवारी एवढी भर तरी जरूर घालावी.

– एक वाचक, वेंगुर्ला