पुस्तकाच्या खिशात चिठ्ठी ठेवून जाणाऱ्यांना

चिठ्ठ्या लिहिणाऱ्या वाचकहो,

सप्रेम नमस्कार.

तुमची नावं आम्हाला ठाऊक नाहीत. पुस्तक परत करताना मागच्या खिशात पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची चिठ्ठी ठेवता आणि निघून जाता. खाली सही नसते, सभासद क्रमांकही नसतो. म्हणून हे आभाराचं पत्र फलकावर, सगळ्यांसमोर लावतो आहोत. आम्ही म्हणजे ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलावर बसणारे.

कादंबऱ्या आपल्या आपण फिरतात. एकीने वाचली की मैत्रीण मागायला येते. इतिहास, चरित्र, निसर्ग, विज्ञान, समाज, स्वयंपाक या कपाटांचं तसं नसतं. तिथे वाचक पुस्तक उपसतो, चारशे पानं आणि बारीक टाइप बघतो आणि जागेवर ठेवून देतो. त्या वेळी कुणीतरी जवळ हवं असतं, हे कशासाठी वाचायचं, कुठून सुरू करायचं आणि कुठे अडायला होईल ते सांगणारं. ‘अप्रतिम, नक्की वाचा’ एवढ्यावर कुणी चारशे पानं वाचत नाही. तुमच्या चिठ्ठ्या वाचून लोक वाचतात. त्या चिठ्ठ्यांत नेमकं काय आहे ते इथे लिहितो. मोघम आभार त्यांना शोभणार नाहीत.

पहिला मान ‘माझा प्रवास’च्या चिठ्ठीचा. वरसईचे विष्णुभट गोडसे दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि 1857च्या बंडात सापडले; झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. एवढं कुणीही लिहील. चिठ्ठी लिहिणाऱ्याने पहिल्याच ओळीत विचारलं होतं, ‘हातात कोणती प्रत आहे ते आधी बघा.’ हे पुस्तक 1907 मध्ये चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केलं आणि छापताना मजकुरावर बराच हात फिरवला. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली प्रत आली ती 1966 मध्ये. दोन्ही पुस्तकांचं नाव एकच, लेखक एकच. वैद्यांची प्रत वाचून ‘गोडसे भटजी असं म्हणतात’ असं छातीठोक सांगणारा माणूस कधी कधी वैद्यांचंच वाक्य सांगत असतो. आमच्या कपाटात दोन्ही प्रती शेजारी शेजारी होत्या आणि आम्हीही त्यांना एकाच पुस्तकाच्या दोन प्रती समजत होतो. चिठ्ठी आली त्या दिवशी दोन्हींच्या पुठ्ठ्याच्या आत संपादकाचं नाव आणि साल पेन्सिलीने लिहिलं.

तीच गोष्ट ‘पानिपत’ची. या नावाने विचारणा झाली की नव्वद टक्के वेळा विश्वास पाटलांची 1988ची कादंबरी हवी असते. पण त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत : 1761’ हा इतिहासकाराचा ग्रंथ आहे. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीवर लोकांचा इतका जीव आहे की तिच्यातले संवाद पुरावा म्हणून सांगितले जातात. तुमच्यापैकी कुणीतरी कादंबरीच्या खिशात लिहून ठेवलं, ‘ही कादंबरी आहे. आवडली तर शेजवलकर घ्या. आधी नकाशा समोर ठेवा, यमुना आणि पानिपत यांची जागा बघा, मग वाचा.’ नकाशाचा सल्ला मोलाचा. त्या मोहिमेत नदीच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, रसद कुठून यायची आणि ती कुठे तुटली, हे डोळ्यांसमोर नसेल तर शेजवलकरांची अर्धी मांडणी हातातून निसटते. ‘रारंगढांग’बद्दलही अशीच चिठ्ठी हवी आहे. हिमालयातल्या रस्तेबांधणीचं वर्णन इतकं खरं वाटतं की प्रभाकर पेंढारकरांची ती कादंबरी आहे हे लोक विसरतात आणि आठवणींच्या कपाटात शोधत बसतात. आणि हो, ‘श्रीमान योगी’ कादंबरी असली तरी तिला नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. ती स्वतंत्र निबंध म्हणून वाचा असं सुचवणाऱ्याचे वेगळे आभार.

दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’वरची चिठ्ठी सगळ्यांत छोटी होती: ‘एका दमात वाचू नका. महिना लागला की त्या महिन्याचा लेख.’ 1956चं हे पुस्तक, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा लेख. सलग वाचणारे तिसऱ्या-चौथ्या लेखाशी थकतात, कारण झाडं, फुलं, रंग यांची दाटी होते आणि एक महिना दुसऱ्यात मिसळतो. महिन्याला एक लेख वाचला की खिडकीबाहेर तेच चाललेलं दिसतं. अडचण एवढीच की पुस्तक पंधरा दिवसांत परत करायचं असतं. म्हणून ‘ऋतुचक्र’ आता वाचनकक्षातच बसून वाचण्यासाठी ठेवलं आहे, लेख अर्ध्या तासात होतो. घरी हवं असेल तर विकतच घ्यावं, हे आमचं मत.

जोडीने वाचायची पुस्तकं सुचवणाऱ्या चिठ्ठीकडून आम्ही फार शिकलो. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ (1915) आणि बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ (1986). पहिलं महसूल खात्यात काम केलेल्या माणसाने लिहिलेलं: पाटील-कुळकर्णी, बलुतेदार, कुणाचा हक्क किती, कुणाला सुगीत काय मिळायचं, सगळं बारकाईने. दुसरं त्याच व्यवस्थेच्या तळाशी, महारवाड्यात जगलेल्या बाईने लिहिलेलं. चिठ्ठीत क्रम दिला होता: आधी आत्रे, म्हणजे यंत्र कसं चालतं ते कळतं, मग बेबीताई, म्हणजे ते कुणाच्या अंगावरून चालतं ते कळतं. आणि इशाराही होता की फिरस्त्या जमातींबद्दल आत्रे लिहितात ती नजर त्या काळच्या सरकारी माणसाची आहे, तिथे जपून वाचा. आम्हाला हे पूर्ण पटलं. नुसता ‘गावगाडा’ वाचून जुन्या गावाबद्दल हळहळणारे वाचक आम्ही पाहिले आहेत.

त्याच हाताने अशा जुन्या पुस्तकांसाठी एक किल्लीही लिहून दिली होती. तिची नक्कल आता पाच-सहा पुस्तकांत ठेवली आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. दशमान नाणी 1957 पासून. एकराचे चाळीस गुंठे. पायली चार शेरांची, पण मणाला किती पायल्या हे मुलखागणिक बदलतं, तेव्हा लेखक कुठला आहे ते बघूनच हिशेब करावा. मुखपृष्ठाच्या आत शके दिलं असेल तर 78 मिळवायचे, आणि जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तारीख असेल तर 79. शके 1829 म्हणजे पाडव्यापुढचं 1907. एवढं हाताशी असलं की शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक परकं राहत नाही.

गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये वारली आदिवासींचा 1945चा लढा आहे, वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धत (लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणं) मोडण्याचा. पुस्तकात जिल्हा ठाणे आहे. तलासरी-डहाणूचा तो भाग 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे आणि उंबरगाव तर 1960 मध्ये गुजरातेत गेलं. गावं नकाशावर शोधणाऱ्यासाठी ही दोन वाक्यं कुणीतरी लिहिली, तेही गावांच्या नावांसकट. किती वाचकांचा गोंधळ वाचला!

विज्ञानाच्या कपाटाचं दुखणं वेगळं. तिथे पुस्तक शिळं होतं आणि बाहेरून कळत नाही. मराठीत पुनर्मुद्रणालाही सर्रास ‘आवृत्ती’ म्हणतात. ‘दहावी आवृत्ती’ वाचून मजकूर ताजा असेल असं वाटतं, प्रत्यक्षात पहिल्याच आवृत्तीची पानं पुन्हा छापलेली असतात. तुमची युक्ती आम्ही उचलली आहे: नव्या आवृत्तीला नवं मनोगत आहे का ते पाहायचं, नसेल तर पहिल्या आवृत्तीचं साल हेच पुस्तकाचं खरं वय. मग तीन प्रश्न. ग्रह नऊ दिलेत का? (प्लूटोला 2006 मध्ये त्या यादीतून काढलं.) सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचा उल्लेख आहे का? (1995.) गुरुत्वीय लहरी ‘अजून सापडायच्या आहेत’ असं म्हटलंय का? (2015 मध्ये त्या टिपल्या गेल्या.) या तिन्हीत मागे असलेलं पुस्तकही टाकाऊ नसतं. जयंत नारळीकरांच्या ‘आकाशाशी जडले नाते’ची शिफारस करताना तुम्ही लिहिलंत तसं, शास्त्रज्ञ विचार कसा करतो हे ज्या पुस्तकातून कळतं ते टिकतं, आकडे तेवढे नव्याने तपासावेत.

स्वयंपाकाचं पुस्तक शिफारस करण्याजोगं असतं का, यावर आमच्यात दोन मतं होती. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’वरच्या (1970) चिठ्ठीने वाद मिटवला. कमलाबाईंनी वाटी-चमच्याचं माप दिलं म्हणून तर ते घरोघरी चाललं. पण आजची वाटी कुणाकडे दीडशे मिलिलिटरची, कुणाकडे दोनशेची. सगळं एकाच वाटीने मोजलं तर प्रमाण बिघडत नाही. बिघडतं ते वाटी मोठी आणि चमचा लहान झाला की: पीठ वाढतं, मीठ-हिंग-सोडा तेवढाच राहतो आणि पदार्थ फिका किंवा दडस होतो. उपाय तुम्हीच दिलात, पहिल्याच दिवशी आपल्या वाटीत किती चमचे पाणी मावतं ते मोजून पुस्तकाच्या पुठ्ठ्याआड लिहून ठेवावं. (ग्रंथालयाच्या प्रतीत नको, एवढी विनंती.)

रा. चिं. ढेऱ्यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ पाहून घाबरणाऱ्यांना तुम्ही सांगितलंत: पहिल्या वाचनात तळटीपा सोडा, आणि मूळ प्रश्न धरून ठेवा, गवळी-धनगरांचा देव पंढरीचा पांडुरंग कसा झाला. कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीचा, धनगरांचा विठ्ठल-बीरप्पा डोळ्यांसमोर ठेवला की पुस्तक मोकळं होतं. परदेशी वाढलेल्या, मराठी ऐकून कळते पण वाचता येत नाही अशा नातवंडांसाठी याचं ॲन फेल्डहाउस यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे, हेही त्यात होतं. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’ या आत्मकथनाचंही माया पंडितांनी केलेलं भाषांतर आहे; मूळ मराठी मात्र मोठ्याने वाचावं, रत्नागिरीकडची बोली डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते. धर्मानंद कोसंबींच्या ‘निवेदना’ची आठवण एका गोवेकर वाचकाने करून दिली असावी, अक्षरावरून नव्हे, ‘आमच्या साखवाळचे’ या शब्दांवरून. गोव्यातल्या खेड्यातून बौद्ध धर्म जाणून घेण्याच्या ओढीने निघून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेशापर्यंत गेलेल्या माणसाचं ते आत्मकथन वर्षानुवर्षं कुणी मागितलं नव्हतं. आता त्याला नंबर लावावा लागतो.

नको कोणासाठी, हेही तुम्ही लिहिता, त्याचं आम्हाला विशेष वाटतं. अनिल अवचटांचं ‘गर्द’ ज्याच्या घरात व्यसनाचा प्रश्न आत्ता पेटलेला आहे त्याच्या हाती एकदम देऊ नका. आधी ‘मुक्तांगणची गोष्ट’ द्या, म्हणजे वाट आहे हे दिसतं. अशी ओळ पुस्तक आणि माणूस दोघांनाही ओळखणाराच लिहू शकतो.

थोडं चिठ्ठीच्या कागदाविषयी, कारण प्रेमापोटी काही नुकसानही झालं आहे. चिठ्ठी सेलोटेपने चिकटवू नये. काही वर्षांत टेप सुटते पण गोंद पिवळा होऊन पानात मुरतो, तो डाग जात नाही. टाचणी आणि स्टेपल पावसाळ्यात गंजतात आणि भोवतालचा कागद खातात. खळीने डकवलेल्या कागदाला कसर लागते. शाई दमट हवेत शेजारच्या पानावर उमटते, म्हणून पेन्सिल बरी. चिठ्ठी सुटी, मागच्या खिशात, एकच घडी. जाड पुठ्ठा घालू नये, शिवण ताणली जाते. आणि मजकुरावर खुणा, अधोरेखन नको. पान क्रमांक चिठ्ठीत लिहिला की तेवढंच काम होतं, मात्र सोबत प्रकाशनाचं सालही हवं, कारण नव्या छपाईत पानं सरकतात.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त अजून एकही चिठ्ठी आलेली नाही. त्याच्या संक्षिप्त प्रतीही फिरतात, तेव्हा कोणती प्रत घ्यावी आणि वयस्कर माणसांना वाचून दाखवायची तर कोणत्या भागापासून सुरुवात करावी, हे कुणी लिहिलं तर हवं आहे. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापून टेबलावरच्या डब्यात ठेवल्या आहेत, पेन्सिलींना टोक केलेलं आहे.

तुमचे ऋणी,
देवघेव विभाग