पेशी काँप्युटरवर चालते म्हणजे नक्की काय

प्रिय पक्या,

परवा तू विचारलंस ना की आता अख्खी जिवंत पेशी काँप्युटरवर चालते म्हणे, मग औषधं उंदरांवर कशाला टेस्ट करायची? तेव्हा घाईत होतो, आता नीट लिहितो, कारण सगळी गोम त्या "चालते" मध्येच आहे.

साधा हिशेब बघ. पेशी अणू-अणूने चालवायची तर प्रत्येक अणूवर किती फोर्स लागतोय ते काढायचं, अणू किंचित सरकवायचा, परत फोर्स काढायचा, हेच चालू ठेवायचं. एक स्टेप साधारण 2 फेमटोसेकंदांची (सेकंदाचे 1 वर 15 शून्य एवढे तुकडे केले की त्यातला एक म्हणजे फेमटोसेकंद), फार मोठी घेतली तर अणूंमधल्या बॉण्डची थरथर पकडता येत नाही आणि सिम्युलेशन फुटतं. आता जेसीव्हीआय-सिन3ए घे, व्हेंटर इन्स्टिट्यूटची मुद्दाम जीन्स कमी करून बनवलेली पेशी, 493 जीन्स, रुंदी जेमतेम 400 नॅनोमीटर. एकीच्या दोन व्हायला तिला पावणेदोन तास लागतात, म्हणजे 3 वर 18 शून्य एवढ्या स्टेप्स, आणि दर स्टेपला 600 कोटींहून जास्त अणू! कुठलाही सुपरकाँप्युटर आण, नाही होणार.

मग लोक तडजोड करतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या मारिंक या शास्त्रज्ञाचा ग्रुप हायड्रोजन न मोजता साधारण चार अणूंचा एक मणी धरतो (मार्टिनी मॉडेल), तसं करून 2023 मध्ये त्यांनी हीच पेशी 55 कोटी मण्यांमध्ये उभी केली. चित्र बघशील तर वेडा होशील. पण उभी करणं वेगळं आणि पावणेदोन तास जगवणं वेगळं, आणि बातम्यांमध्ये नेमका हाच फरक गायब होतो, याचा मला जाम राग येतो.

अमेरिकेत इलिनॉयच्या शास्त्रज्ञ लुथी-शुल्टनबाईंनी अणू सोडूनच दिले. रायबोसोम (प्रोटीन बनवणारी यंत्रं) कुठे, डीएनए कुठे एवढं जागेवर ठेवायचं, रिअ‍ॅक्शन कधी होईल ते प्रोबॅबिलिटीने ठरवायचं आणि मेटाबॉलिझमला (अन्नापासून ऊर्जा आणि कच्चा माल बनवण्याला) सरळ समीकरणं लावायची. 2022 मध्ये त्यांनी अशी याच पेशीची 20 मिनिटं चालवली. दिसायला साधं, पण मला हेच जास्त खरं "चालणं" वाटतं.

आणि सगळ्यात भारी गोष्ट स्टॅनफर्डच्या कव्हर्टची. 2012 मध्ये त्यांनी मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या इवल्याशा बॅक्टेरियाचं मॉडेल केलं, 525 जीन्स, 28 वेगवेगळी सबमॉडेल्स जोडलेली. मग एकेक जीन बंद करून वाढीचा वेग खऱ्या पेशींशी ताडून पाहिला, तर काही ठिकाणी जुळेचना. तो फरक धरून कुठल्या एन्झाइमचा वेग आपण चुकीचा धरलाय ते त्यांनी मॉडेलवरूनच काढलं आणि पुढे लॅबमध्ये मोजून तपासलं. मॉडेल जिथे आपटतं तिथेच काहीतरी कळतं बघ.

राहिले तुझे उंदीर. या सगळ्या पेशींना न्यूक्लियससुद्धा नाही, माणसाची पेशी घनफळाने त्यांच्या हजारो पट मोठी, आणि औषध तर लिव्हर, किडनी, रक्त सगळीकडे फिरतं. एखादं औषध एका प्रोटीनला कसं चिकटतं हे बघायला सिम्युलेशन आजही रोज वापरतात, त्याने लॅबमधली बरीच फालतू खटपट वाचते. पण उंदरांना एवढ्यात सुट्टी नाही. पटत नसेल तर सविस्तर लिही, फोनवर तू ऐकून घेत नाहीस.

तुझाच,
नंदू